गेलो की गेले?

तर मंडळी, गेले तीन वीकांत मी एक भलतंच काम करत बसलोय. एका सोळा मिनिटांच्या लघुपटाची मराठी उपशीर्षकं. ('सबटायटल'चं मराठी अनेकवचन 'सबटायटल्स' की 'सबटायटलं' यावर घरात वाद झाला, म्हणून तूर्तास उपशीर्षकं.) एकूण एकशे बारा ओळी. त्यातल्या बहुतेक पहिल्या शनिवारीच उरकल्या आणि एका ओळीवर जी गाडी अडली ती अडलीच.

सिनेमा स्पॅनिश आहे. चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला एक मुलगा आता शहरात बाई म्हणून राहतोय… राहतेय. बघा, इथेच पहिली ठेच लागली. एका रात्री ती आईला फोन करते आणि म्हणते, मी तुला न सांगता निघून… काय? इंग्रजीत 'आय लेफ्ट' म्हटलं की काम झालं. मूळ स्पॅनिशमध्येही तिथे क्रियापदाला लिंग नाही. मराठीत सुटका नाही. गेलो की गेले? गेला तेव्हा घरच्यांच्या लेखी तो मुलगा होता. बोलतेय ती बाई. शाळेत व्याकरणात मला बरे मार्क असायचे, पण हा प्रश्न कुणी पेपरात टाकला नव्हता.

हे काम माझ्यासारख्या डेटाबेसच्या हमालाच्या गळ्यात कसं पडलं ते सांगायचं तर 'कशिश'पासून सुरुवात करावी लागेल. मुंबईत २०१० पासून दरवर्षी भरणारा हा चित्रपट महोत्सव. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, थोडक्यात ज्यांना हल्ली एलजीबीटी म्हणतात त्या माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या सिनेमांचा. मोठे सिनेमे असतात, माहितीपट असतात, पण संख्येने भरणा लघुपटांचाच. आणि माझ्या मते तीच त्याची खरी ताकद आहे, पण त्यावर नंतर येतो.

महोत्सव सुरू केला तो श्रीधर रंगायन आणि सागर गुप्ता यांनी. रंगायन यांचा २००३ चा 'गुलाबी आईना' हा लघुपट सेन्सॉर बोर्डाने नाकारला होता. म्हणजे गृहस्थ स्वतः दाराबाहेर उभे राहून आलेले. जुलै २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने कलम ३७७ ची धार काढली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये पहिला 'कशिश' भरला, तोही कुठल्या संस्थेच्या मागच्या खोलीत नाही, मल्टिप्लेक्समध्ये. सोबतीला हमसफर ट्रस्ट आणि 'बॉम्बे दोस्त' मासिक. महोत्सवातल्या सिनेमांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राऐवजी केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याकडून सूट घ्यावी लागते, ती रीतसर अर्ज करून घेतली. मला या माणसांचं हे फार आवडतं. क्रांती वगैरे नंतर, आधी फॉर्म नीट भरा!

मग डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. रातोरात सगळे पुन्हा गुन्हेगार. अशा वेळी माणूस काय करेल? हॉल लहान घेईल, जाहिरात कमी करेल. यांनी २०१४ साली मरीन लाइन्सचं लिबर्टी थिएटर घेतलं. बाराशेच्या आसपास खुर्च्या, मागच्या पिढीचा तो सगळा थाट. हेच ते लिबर्टी जिथे 'हम आपके हैं कौन' शंभर आठवड्यांहून जास्त चालला. देशाला लग्न कसं करावं ते शिकवणारा सिनेमा जिथे दोन वर्षं मुक्कामाला होता, तिथेच ज्यांच्या लग्नाला कायदा आजही लग्न म्हणत नाही (ऑक्टोबर २०२३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ) ती माणसं येऊन बसली.

(अवांतर: २०१६ च्या उद्घाटनाला इयन मॅकेलन आले होते. आमच्या हापिसातल्या अर्ध्या लोकांना गॅंडाल्फ समलिंगी आहे हे त्या बातमीने कळलं. एकाने दोन दिवस शोक पाळला.)

मी स्वतः गेलो २०१८ च्या मे महिन्यात. म्हणजे ३७७ अजून जिवंत होतं. आमच्या टीममधल्या एका मुलीकडे जास्तीचा पास होता. ती बाकी काही न सांगता एवढंच म्हणाली, "चल, शनिवार फुकट नाही जाणार तुझा." बायको म्हणाली, जा, पण येताना क्रॉफर्डवरून डबे आण. डबे विसरलो.

व्हीटीला उतरून चालत लिबर्टीला पोचेपर्यंत मी जरा अवघडलेलाच होतो. खोटं कशाला बोलू? कुणी ओळखीचं दिसलं तर काय सांगायचं याची तयारी चालू होती डोक्यात. आत मात्र एक गोष्ट पाहिली आणि ती अजून तशीच लख्ख आठवते. अंधार झाला की हात धरणारी जोडपी आपण सगळ्यांनीच थिएटरात पाहिली आहेत. (काहींनी धरलेही असतील.) माझ्या पुढच्या रांगेत साठीतले दोन गृहस्थ होते. एकाने कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, दुसऱ्याच्या मांडीवर कापडी पिशवी. बँकेतून निवृत्त झालेले वाटावेत असे. मध्यंतरात दिवे लागले आणि त्यांचे हात तसेच राहिले. मला वाटलं सोडतील. सोडले नाहीत. मुंबईत एवढी एकच जागा असेल, वर्षातले पाच दिवस, जिथे दिवे लागल्यावर हात सोडावा लागत नाही.

सिनेमे? लागोपाठ सात लघुपट पाहिले. दोन उगाच रडके, एक चक्क वाईट, एक कळला नाही, तीन सुंदर. कुठल्याही महोत्सवाची सरासरी हीच असते. 'आपल्या' लोकांचा सिनेमा म्हणून प्रत्येकाला टाळ्या पडतात ते मला खटकलं, पण पाहुण्याने फार बोलू नये.

परतीच्या गाडीत मात्र झोप लागली नाही. १९९८ ची गोष्ट आहे. सांगलीकडचं इंजिनिअरिंग कॉलेज, हॉस्टेलचा दुसरा मजला. आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव नाही सांगत. चालण्यात-बोलण्यात जरासा वेगळा, डेटा स्ट्रक्चर्समध्ये वर्गात पहिला. एका रात्री त्याच्या दारावर कुणीतरी मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला. तो शब्द सगळ्यांना माहीत आहे, मराठीत त्याच्यासाठी शिव्यांची टंचाई नाही. लिहिणारा मी नव्हतो. मार्कर माझा होता. मागितला, दिला, कशाला हवा तेही माहीत होतं. आणि सकाळी सगळ्यांबरोबर हसलोसुद्धा. तो पुसायचा प्रयत्न करत होता, पण तो परमनंट मार्कर होता. पुढच्या सत्रात त्याने हॉस्टेल सोडलं, गावात खोली घेतली आणि आमच्याशी बोलणं बंद केलं. लिंक्डइनवर त्याचं पान आहे. आजवर कितीदा उघडून बंद केलं ते विचारू नका.

तर माझा मुद्दा इथून सुरू होतो. तो मुलगा १९९८ साली लिबर्टीत पोचू शकला नसता, कारण तेव्हा महोत्सवच नव्हता. पण समजा आज तो अठरा वर्षांचा असता, तरी पोचला असता का? आणि मी, मार्कर देणारा मी, पोचलो असतो का? मला वाटतं महोत्सवाचं मोजमाप या दुसऱ्या प्रश्नाने व्हायला हवं.

'कशिश'वाल्यांना हे कळत नाही असं अजिबात नाही. उरलेल्या तीनशे साठ दिवसांत ते जे करतात ते वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत फारसं येत नाही. 'कशिश फॉरवर्ड' नावाने ते निवडक लघुपट घेऊन कॉलेजांमध्ये जातात, दाखवतात, मग मुलांशी गप्पा मारतात. रंगायन यांच्या 'इव्हनिंग शॅडोज' या सिनेमाच्या निमित्ताने जमलेल्या आई-बापांमधून 'स्वीकार' हा पालकांचा गट उभा राहिला. २०२३ साली लग्नाचा खटला चालू असताना याच गटातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की आमच्या मुलांची लग्नं कायद्याने लागलेली आम्हाला डोळ्यांनी बघू द्या. एका सिनेमाने एवढं केलं तर पुरे की!

आणि इथे लघुपटाची लांबी कामाला येते. दोन तासांचा सिनेमा बघायला माणूस ठरवून जातो. पंधरा मिनिटांचा सिनेमा न ठरवता बघून होतो. कॉलेजच्या एका तासात दोन बसतात आणि वर बोलायला वेळ उरतो. जेवणाच्या सुट्टीत एक बसतो. नावडलेल्या माणसालाही उठून जायला उशीर झालेला असतो, त्याचं मन बनेपर्यंत सिनेमा संपतो. आमच्या भाषेत सांगायचं तर छोटा पॅच आहे, डाउनटाइम न घेता टाकता येतो.

आमच्या हापिसातही २०२२ च्या जूनमध्ये असा एक कार्यक्रम झाला. (जूनमध्ये आमच्या कंपनीचा लोगो इंद्रधनुषी होतो आणि १ जुलैला सकाळी पूर्ववत. ही एवढी एकच डिप्लॉयमेंट आमच्याकडे वेळेवर होते.) मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये चार लघुपट, पिझ्झा, एचआरचं प्रास्ताविक. चाळीसेक लोक. तीन परदेशी सिनेमे इंग्रजी उपशीर्षकांसह. चौथा होता 'सिसक', फराज अन्सारींचा २०१७ चा. मुंबईची लोकल, दोन पुरुष, नुसत्या नजरा आणि संपूर्ण सिनेमात एकही संवाद नाही.

पॅन्ट्रीतले एक दादा रिकामे कप उचलायला आत-बाहेर करत होते. पहिल्या तीन सिनेमांच्या वेळी ते आले तसे गेले. चौथ्याला ते ट्रे हातात धरून दाराशी उभे राहिले ते शेवटपर्यंत. मागून हाउसकीपिंगच्या दोघी मावश्या येऊन थांबल्या. संपल्यावर दादा मला म्हणाले, "साहेब, ते दोघं परत भेटले का नाही ते दाखवलंच नाही की." मी म्हटलं, तसंच आहे ते. त्यांना काही ते पटलं नाही.

त्या खोलीत बसलेल्या चाळीस जणांपैकी एकालाही इतकी साधी शंका आली नव्हती. आम्ही 'इन्क्लुजन'वर बोललो, टाळ्या वाजवल्या आणि मीटिंगला गेलो. दादांनी मात्र सिनेमा बघितला होता. आधीचे तीन त्यांनी का बघितले नाहीत, याचं उत्तर पडद्याच्या तळाशी इंग्रजीत लिहिलेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि हे टीका म्हणून कमी आणि गाऱ्हाणं म्हणून जास्त घ्या: मुंबईत भरणारा एवढा मोठा महोत्सव मराठीशी अजून पाहुण्यासारखा वागतो. मी गेलो तेव्हा सूत्रसंचालन इंग्रजी, मधे थोडी हिंदी, पडद्यावर सगळं इंग्रजी. कारण उघड आहे. देशोदेशीचे सिनेमे, परदेशी परीक्षक, सगळ्यांना समजेल अशी भाषा इंग्रजीच. मान्य. पण लिबर्टीपासून शंभर पावलांवर ज्याची वडापावची गाडी आहे त्याला आत काय चाललंय ते कळायचा मार्ग नाही, आणि सांगलीच्या हॉस्टेलला तर नाहीच नाही.

गंमत म्हणजे, मराठीत उतरल्यावर काय होतं याचं उत्तम उदाहरण खुद्द 'कशिश'नेच घालून दिलंय. त्यांचं 'क्यूदृष्टी' नावाचं अनुदान आहे. नुसती ट्रॉफी न देता पुढचा लघुपट काढायला पैसे द्यायचे. (वेल्समध्ये कार्डिफला २००७ पासून 'आयरिस प्राइज' हा असाच लघुपटांचा महोत्सव भरतो. तिथे विजेत्याला नवा लघुपट काढायला चांगली घसघशीत रक्कम मिळते. आपल्याकडच्या रकमेची त्याच्याशी तुलना नको, पण विचार तोच.) या क्यूदृष्टीतून रोहन परशुराम कानवडे यांचा 'उ उषाचा' हा मराठी लघुपट बनला, २०१९ चा. उषा शेतमजूर आहे, एकटीने मुलं वाढवते, निरक्षर आहे. गावातल्या प्राथमिक शाळेच्या बाईंकडे तिचा जीव ओढ घेतो आणि त्या ओढीने ती अक्षरांकडे जाते. एवढीच गोष्ट. त्यात कुणी भाषण करत नाही, कुणी स्वतःला कसलं नाव देत नाही. मी तो पुण्यात एका छोट्या कार्यक्रमात पाहिला. शेजारी बसलेल्या आजी मधेच पुटपुटल्या, "शिकतीय बघ, शिकतीय." त्यांना त्यातली दुसरी ओढ दिसली का? मला वाटतं दिसली, आणि त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही.

याच कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा तिथला बालमित्र. आता, एका अनुदानामुळे सनडान्स मिळालं असं म्हणणं भोळेपणाचं होईल, माणूस आधीपासून स्वतःच्या खिशातून लघुपट काढत होता. पण सगळ्यात लांब गेलेला सिनेमा सुतक, दहावा आणि गावच्या नातेवाइकांच्या टोमण्यांचा निघाला, हे विसरू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरांत लागला तेव्हा मी आईला घेऊन गेलो. ती बाहेर येऊन म्हणाली, "दहा दिवस चप्पल घालायची नसते हे बरोबर दाखवलंय." बाकी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मावशीला फोनवर सगळी गोष्ट सांगत होती, मित्रासकट.

'हे सगळं पाश्चात्त्य फॅड' असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली मराठी रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत. तेंडुलकरांच्याच गोष्टीवरून रवी जाधवांनी 'मित्रा' हा लघुपट केला आणि तो २०१५ साली 'बायोस्कोप'मधल्या चार लघुपटांपैकी एक म्हणून सहकुटुंब लोकांनी थिएटरात पाहिला. मीही पाहिला. कुणी उठून गेलं नाही. आणि ही मंडळी आपल्यातलीच आहेत हे सांगायला पुण्यात बिंदुमाधव खिरे आहेतच. आमच्याच धंद्यातला, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केलेला माणूस, सगळं सोडून परत आला, २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत लिहायला बसला. इंग्रजीत लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, नाव जास्त झालं असतं. मराठीत लिहिलं, कारण ज्यांना गरज होती ती माणसं मराठीत एकटी होती.

तर एवढा तावातावाने बोलल्यावर ती टीममधली मुलगी (आता दुसऱ्या कंपनीत आहे) म्हणाली, "मग कर ना तू मराठी. कोण अडवतंय?" झालं. तिच्याच ओळखीने तीन लघुपटांच्या दिग्दर्शकांची परवानगी मिळाली आणि मी कामाला लागलो.

तांत्रिक भाग मला वाटला त्याहून सोपा निघाला. वेळेचे आकडे, खाली ओळ, साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत चाळीसेक अक्षरं, पडद्यावर एकावेळी दोन ओळी, त्याहून जास्त लिहिलं तर माणूस वाचतच राहतो, बघत नाही. युनिकोडचा घोळ मात्र आहेच. जुन्या टीव्हीवर जोडाक्षरं फुटतात, 'दुसऱ्या'मधला अर्धा र तर हमखास निसटतो. शेवटी पेनड्राइव्हवर फाइल वेगळी न ठेवता अक्षरं चित्रातच भाजून टाकली.

खरी पंचाईत शब्दांची. आपल्याकडे या माणसांसाठी दोनच प्रकारचे शब्द आहेत: दारावर मार्करने लिहायचे आणि वैद्यकीय पुस्तकात छापायचे. मधलं काही नाही. सिनेमात एक मुलगा दुसऱ्याची ओळख करून देतो, हा माझा पार्टनर. मराठी माणसाला पार्टनर म्हटलं की वपु आठवतात. (खिऱ्यांच्या कादंबरीचं नावही 'पार्टनर'च आहे, त्यांनी ते मुद्दाम ठेवलं असेल तर सलाम!) 'जोडीदार' बरा वाटला, ठेवला. 'कमिंग आउट'ला मी दोन दिवस शब्द शोधत होतो. प्रकटीकरण, आत्मस्वीकृती, काय काय लिहून खोडलं. मग त्या मुलीला विचारलं, तुम्ही आपापसात काय म्हणता? म्हणाली, "आम्ही विचारतो, घरी सांगितलंस का?" तीन शब्द, ओळीतही बसतात आणि पोटातही.

आणि मग ती स्पॅनिश आई. मूळ सिनेमात शेवटच्या वाक्यापर्यंत कळत नाही की आई तिला काय समजतेय, कारण आई साधेच प्रश्न विचारते. कुठे, कधी, का. मराठीत आईच्या पहिल्याच प्रश्नाला भूमिका घ्यावी लागते. कुठे होतास की कुठे होतीस? मी होतास लिहिलं. पुढचे सगळे प्रश्न तसेच: कसा आहेस, कुठे राहतोस. लेक मात्र दर वाक्यात बाईसारखी बोलते आणि आई दर वाक्यात तिला मुलगा करते. मूळ सिनेमात हे भांडण नाही, ते मराठीने आणलं. मला आधी भीती वाटली की आपण सिनेमा बिघडवतोय. पण शेवटी आई विचारते, जेवलीस का? त्या एका 'लीस'साठी हे सगळं चालेल असं वाटलं. दिग्दर्शकाला मेलवर समजावून सांगायला अर्धा तास लागला. त्याने उत्तर पाठवलं की आम्हालाही अशी क्रियापदं हवी होती.

अडलेली ओळही मग सुटली. 'मी तुला न सांगता गेले.' बोलतेय ती, तर निर्णय तिचा. मी कोण गेलो म्हणणारा!

आता दाखवायचं कुठे? माझ्या गावाकडे एक जुनी फिल्म सोसायटी आहे. महिन्याला एक सिनेमा, वाचनालयाचा हॉल, साठ खुर्च्या, भरतात पंचवीस. चालवणारे काका मला लहानपणापासून ओळखतात. फोन केला, सगळं सांगितलं. काका म्हणाले, "दाखवू रे. पण पोस्टर नको. फळ्यावर 'तीन विदेशी लघुपट' एवढंच लिहितो."

"काका, पण विषय…"

"अरे, लोकांना आत तर येऊ दे. एकदा बसल्यावर कोण उठतंय?"

मला ते पटलं होतं. 'बायोस्कोप'ला लोक असेच बसले होते ना? त्या मुलीला सांगितलं तर ती भडकली. "लपवून दाखवायचं असेल तर दाखवू नका. आमचं आयुष्य काय कडू औषध आहे का, गुळात घालून द्यायला?" तेही पटलं. (हा माझा जुना आजार आहे, शेवटी बोलणाऱ्याचं पटतं.) पण नंतर ती एक गोष्ट बोलली त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणाली, "पोस्टर नसलं तर तुझ्यासारखे येतील. तुमच्या त्या हॉस्टेलमधल्या मुलासारखा कुणी गावात असेल, त्याला कसं कळणार की हे त्याच्यासाठी आहे?"

काकांना पुन्हा फोन. बरीच घासाघीस झाली. ते पोस्टरला तयार नाहीत, हॉल वाचनालयाच्या मालकीचा आहे, कमिटीत सात जण आहेत, आणि त्यांना त्या गावात राहायचंय, मला नाही, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. त्यात खोटं काही नाही. शेवटी फळ्यावर प्रत्येक लघुपटाखाली दोन ओळींची गोष्ट लिहायची आणि तीच सभासदांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायची, यावर तोडगा निघाला. गोष्ट मी लिहून द्यायची. पहिल्या लघुपटाची मी लिहिली: 'एक मुलगी चार वर्षांनी आईला फोन करते. घर सोडताना ती घरच्यांसाठी मुलगा होती.'

अर्ध्या तासात काकांचा फोन. "अरे, व्याकरण चुकलंय तुझं. मुलगा होती?"

म्हटलं, काका, तीन वीकांत घालवलेत त्याच्यावर, तसंच लिहा.

"बरं," म्हणाले. "पण खाली 'मजकूर जसा आला तसा' असं लिहीन हं मी."

कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी साडेपाचला आहे. प्रोजेक्टर त्यांचा, लॅपटॉप माझा, एचडीएमआयची केबल लांबीला पुरत नाही म्हणून नवी घेतली आहे. फळ्याचा फोटो काका पाठवणार आहेत. तो आला की लिंक्डइनवर एकाला पाठवायचा की नाही, ते अजून ठरत नाहीये.